इन्साडोंगच्या गल्लीत कोरलेलं कासव

सोलमध्ये शिक्का करून घ्यायचा असेल तर इन्साडोंगचा मुख्य रस्ता सोडा आणि गल्लीत शिरा. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत तुमचं नाव हंगुल या कोरियन लिपीत मशीनवर कोरतात, रेशमी पिशवीत घालतात आणि लगेच हातात देतात. भेट म्हणून न्यायला ते छान आहे, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एखादं हांजा, म्हणजे कोरियन लोक वापरतात ते चिनी अक्षर, विचार करून कोरलेलं हवं असेल तर हाताने कोरणारा माणूस लागतो. असा माणूस मला सापडला. त्यांचं काम इतकं मनासारखं झालंय की ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

दुकानाचं नाव मी देणार नाही. पाटीवर ठळक दिसतो तोही एकच शब्द, ‘तोजांग’, म्हणजे शिक्का. आजोबा एकटे काम करतात, हातातलं संपल्याशिवाय नवीन घेत नाहीत, आणि नेटवर नाव टाकू नका असं त्यांनीच सांगितलं. मनापासून शोधणाऱ्याला मात्र अवघड नाही. आंगुक स्टेशनच्या ६ नंबरच्या दारातून बाहेर पडायचं, इन्साडोंगच्या रस्त्याने तापगोल बागेच्या दिशेने चालत यायचं, आणि गल्ल्यांमध्ये खिडकीशी लाकडी शिकंजा मांडलेलं दुकान दिसलं की दार उघडायचं. दुकान एवढंसं आहे. दोन गिऱ्हाइकं आत असली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं.

मला शिक्का हवा होता मामासाठी. आमचा मामा दापोलीकडचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो विणीच्या हंगामात पहाटे किनारा चालतो. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री अंडी घालून गेली असेल तर वाळूत तिचा माग उमटलेला असतो. त्या मागावरून घरटं शोधायचं, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरायच्या आत अंडी काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत पुरायची, आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की समुद्राकडे सोडायची. वेळासला हे काम २००२ मध्ये सुरू झालं आणि मग किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांनीही उचललं. मामा प्रत्येक घरट्याची नोंद वहीत करतो. तारीख, जागा भरतीच्या रेषेपासून किती लांब, अंडी किती, पिल्लं किती निघाली. अशा वह्यांचा त्याच्याकडे आता गठ्ठा झालाय. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर उठवायला एकाच अक्षराचा शिक्का, आणि ते अक्षर कासवाचं, एवढं ठरवून मी दुकानात गेले.

मी जपानी शिकले पुण्यात, आणि काम करते ते सॉफ्टवेअर वेगवेगळ्या भाषांत नेण्याचं. त्यामुळे कासव म्हटलं की माझ्या हातून जपानी ‘कामे’च उतरतं, अकरा स्ट्रोकचं, म्हणजे अकरा रेघांचं. तेच लिहिलेला कागद मी पुढे केला. आजोबांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “हे जपानचं. तुम्हाला कुठलं कासव हवंय?”

मुख्य रस्त्यावर हा प्रश्न कुणी विचारला नसता. कागदावर जे आहे ते मशीनमध्ये गेलं असतं. इथे मात्र आजोबांनी खणातून जुन्या वर्तमानपत्रांची चळत काढली, कुंचला शाईत बुडवला आणि एकाखाली एक कासवं काढायला लागले. शिकवण्याचा आव नव्हता. शिंपी माप घ्यायच्या आधी कापड अंगावर लावून बघतो तसं चाललं होतं.

पहिलं काढलं ते अक्षर कमी आणि चित्र जास्त. वर डोकं, डावीकडे दोन पाय, उजवीकडे फुगलेली पाठ, पाठीवर चिरा आणि खाली शेपूट. कासव एका बाजूने पाहायचं आणि शेपटीवर उभं करायचं, म्हणजे असं दिसतं. चीनमध्ये आन्यांगला, शांग राजांच्या राजधानीत, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ते असंच कोरत, आणि कितीदा तरी कासवाच्याच पोटाखालच्या कवचावर कोरत. राजाला कौल लावायचा असायचा. पाऊस पडेल का, स्वारी यशस्वी होईल का, राणीचं बाळंतपण नीट होईल का. कवचाच्या आतल्या बाजूला खळगे पाडायचे, त्यांना विस्तव लावायचा, की दुसऱ्या बाजूला तडा जायचा. तडा कसा गेला ते पाहून राजाने उत्तर सांगायचं. प्रश्न काय होता आणि कौल काय मिळाला हे त्याच कवचावर कोरून ठेवायचं. चिनी लिपीचा सर्वात जुना मोठा साठा आपल्यापर्यंत आला तो या कौलांमुळे. १८९९ मध्ये वांग यिरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की हाडांवरच्या या खुणा म्हणजे लिखाण आहे. १९३६ मध्ये आन्यांगला एकाच खड्ड्यात १७,००० हून जास्त तुकडे निघाले, आणि ते जवळजवळ सगळे कासवाच्या कवचाचे होते.

कोकणात देवळातून कौल लावणाऱ्या घरातली मी. आजोबा हे सांगत होते तेव्हा मला काही समजावून घ्यावं लागलं नाही.

दुसरं काढलं ते पूर्ण अक्षर, सोळा स्ट्रोकचं. तैवान, हाँगकाँग आणि कोरियात आजही हेच प्रमाण. जुन्या पद्धतीच्या कोशांत अक्षरं २१४ मूलांखाली, म्हणजे अक्षरांच्या मूळ घटकांखाली, लावलेली असतात, त्यांत कासवाचा नंबर २१३. म्हणजे कोश जवळजवळ संपत आला की कासव येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला नुसता गुंता दिसतो. आजोबांनी तोच गुंता संथपणे काढला. वर छोटी आकडी, ते डोकं. डावीकडे एकाखाली एक दोन नखांचे पंजे. उजवीकडे चौकट आणि तिच्यात फुली, ती पाठ आणि पाठीवरची नक्षी. मधून खाली आलेली उभी रेघ तळाशी उजवीकडे वळवून वर उचलली, ती शेपूट. चित्रातलं काहीही हरवलेलं नाही. हे एवढ्या जवळून, कुंचला चालताना बघायला मिळालं यासाठीच मी या दुकानाला पूर्ण गुण देईन.

त्याच्या बाजूला मी आणलेलं जपानी. डोकं आहे, खाली एकावर एक दोन चौकटी आणि शेपूट आहे, पाय गेले. जपानने नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची यादी २०१० मध्ये वाढवून २,१३६ वर नेली, तेव्हा कुठे कासव त्या यादीत आलं. नावांत मात्र ते आधीपासूनच होतं. कामेदा, कामेई अशी आडनावं, कामेयामा, कामेइदो अशी गावं. क्रौंच हजार वर्षं जगतो, कासव दहा हजार, असं तिथे म्हणतात, म्हणून लग्नाच्या वस्तूंवर दोघांची जोडी असते.

चौथं चीनमधलं आजचं. १९६४ च्या सोप्या अक्षरांच्या यादीतलं, सातच स्ट्रोक. डोकं, एक चौकट, शेपूट. आजोबांनी ते झटपट संपवलं. “लिहायला चांगलं. कोरायला यात काही नाही,” म्हणाले. सोळा स्ट्रोक पाठ करणाऱ्या पोरांचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे सात स्ट्रोकच्या कासवाबद्दल मला कृतज्ञताच वाटते. पण शिक्क्यासाठी आजोबांचं म्हणणं बरोबर होतं. चौकोनी दगडात सात रेघा विरळ पडतात.

मग दुसरा प्रश्न. “वाचायचं कसं?” कोरियनमध्ये या अक्षराचे तीन उच्चार आहेत. प्राणी असेल तर ग्वी. यी सुन-शिन या कोरियन नौसेनानीने १५९२ च्या युद्धात जपानी आरमाराविरुद्ध जी कासव-नौका उतरवली तिचं बोलीतलं नाव कॉबुकसॉन, हांजात लिहिलं की ग्वीसॉन. गावाच्या नावात बहुतेक गू. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांचं गुमी शहर म्हणजे कासवाची शेपटी, बुसानमधलं गुपो म्हणजे कासवाचं बंदर. उल्सानजवळ ज्या कड्यावर प्राचीन माणसाने देवमासे आणि कासवं कोरून ठेवलीत, त्या पांगुदेमध्येही हेच गू. २०२५ मध्ये ती चित्रं युनेस्कोच्या यादीत गेली. आणि तिसरा उच्चार ग्यून, तो फक्त तड्यासाठी. भिंतीला, जमिनीला, पक्षात, मैत्रीत पडलेली भेग म्हणजे ग्यूनयॉल, आणि त्यातलं पहिलं अक्षर कासव.

हे तीन उच्चार माझ्या कामात रोज भेटतात, म्हणून इथे थोडं थांबते. कोरियाने १९८७ मध्ये संगणकासाठी अक्षरांचं प्रमाण ठरवलं, त्यात ४,८८८ हांजा उच्चाराच्या क्रमाने लावले. एका अक्षराचे दोन-तीन उच्चार असतील तर ते अक्षर दोन-तीन जागी घातलं. अशा जास्तीच्या जागा २६८ झाल्या. पुढे युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण, आलं तेव्हा जुन्या फायली बिघडू नयेत म्हणून या सगळ्या जागा जशाच्या तशा ठेवाव्या लागल्या. त्यामुळे आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये हे सोळा स्ट्रोकचं कासव तीन वेगवेगळ्या क्रमांकांवर बसलेलं आहे, एक ग्वी, एक गू, एक ग्यून. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. जपानी आणि चिनी रूपांचे क्रमांक आणखी वेगळे. हे मी आजोबांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, “माझ्या खणात तर चाळीस आहेत.” खरंच होते. एका चपट्या डब्यात त्यांनी आजवर कोरलेल्या कासवांचे ठसे पातळ कागदांवर जपून ठेवलेत.

चिनी गिऱ्हाईक कासव कोरून घेतं का, असं मी विचारलं. क्वचित, म्हणाले. चिनीत कासव ही शिवी आहे, बायकोने फसवलेल्या नवऱ्याला देतात ती. पण हे पूर्वीपासूनचं नाही. तांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, ली ग्वेन्येन नावाचा नामांकित गवई होता, लू ग्वेमंग नावाचा कवी होता, दोघांच्याही नावात कासव, आणि आईबापांनी ते दीर्घायुष्यासाठीच ठेवलेलं. त्याच काळात सम्राज्ञी वू झत्येनने अधिकाऱ्यांच्या ओळखचिन्हातला मासा काढून कासव आणलं. वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं कासव सोन्याचं. श्रीमंत, मानाचा जावई मिळाला की ‘सोन्याचं कासव जावई मिळाला’ असं चिनीत अजून म्हणतात. शिवी आणि हे कौतुक, दोन्ही एकाच भाषेत आज शेजारी शेजारी नांदतात.

चिनीतही उच्चार तीनच. प्राण्याला ग्वे, तडकण्याला ज्युन, आणि तिसरा छ्यू. हा तिसरा उच्चार जवळपास एका गावापुरता उरलाय. ते गाव म्हणजे रेशीमवाटेवरचं कुचा. चौथ्या शतकात तिथे कुमारजीव जन्मला, वडील भारतातून गेलेले, आई तिथली राजकन्या. संस्कृतातले बौद्ध ग्रंथ त्याने चिनीत नेले आणि पुढे ते चिनी ग्रंथच कोरिया-जपानात पोचले. कुचाचं नाव चिनीत लिहायला ज्यांनी अक्षरं निवडली त्यांनी पहिलं अक्षर कासवाचं घेतलं. आजोबांना कुमारजीव माहीत होता, कोरियन उच्चारात ‘कुमाराजिप’. तुम्ही भारतातल्या, मग तो तुमचाच की, म्हणाले. मी मान डोलावली.

एवढं सगळं झाल्यावर निवड माझ्यावर सोडली, पण त्याआधी एकच गोष्ट विचारली. कासव जमिनीवरचं की समुद्रातलं? अक्षर दोघांचं एकच. कोरियन बोलीत मात्र समुद्रातलं ‘पादा कॉबुक’. मी मामाच्या वहीचा फोटो दाखवला, किनाऱ्यावरच्या मागाचाही दाखवला. आजोबांनी चष्मा कपाळावर नेऊन तो फोटो बराच वेळ मोठा-लहान करून बघितला. मग पहिल्या, सर्वात जुन्या कासवाजवळ परत आले आणि त्याचा पुढचा पाय पुन्हा काढला. आधी टोकाला तीन नखं होती, ती गाळली आणि पाय लांब, बाहेर वळलेला, वल्ह्यासारखा केला. तेवढ्या एका रेघेने ते तळ्यातलं कासव राहिलं नाही. माझी निवड तिथेच झाली.

दगड कुठला, यावरही त्यांनी मतं दिली. वीज पडलेल्या बोरीच्या लाकडाचे शिक्के कोरियात फार मानाचे, अपशकुन टळतो म्हणतात, आणि किंमतही तशीच. बैलाच्या शिंगाचे आहेत, जेडचे आहेत. तुमचा मामा राहतो तिथली हवा कशी, असं विचारलं. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, असं सांगितल्यावर लाकूड आणि शिंग दोन्ही बाद झाले. चीनच्या छिंगत्येनचा फिकट हिरवट दगड निघाला, २४ मिलिमीटरचा चौकोन, बोटाएवढा उंच. हा दगड मऊ असतो, कोरणीने चिप्स न उडता भुगा पडतो.

माथ्यावर कासवाची मूठ असलेला एक दगडही त्यांच्याकडे आहे, पोटाखाली दोरी ओवायला भोक. चीनमधल्या हान काळातली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही रीत. १९८१ मध्ये च्यांगसूत सापडलेला ग्वांगलिंगच्या राजाचा सोन्याचा शिक्का असाच आहे, तो आता नानजिंगच्या संग्रहालयात आहे. माझ्या खिशाला तो दगड परवडणारा नव्हता, पण हातात घेऊन बघू दिला, आणि हे प्रत्येक दुकानात होत नाही.

सर्वात आवडली ती पुढची गोष्ट. शिक्के दोन प्रकारचे होतात. एकात आजूबाजूचा दगड कोरून काढतात आणि अक्षर उंच ठेवतात, म्हणजे पांढऱ्या कागदावर लाल रेघांचं अक्षर उठतं. दुसऱ्यात अक्षरच कोरतात, मग लाल चौकोनात पांढरं अक्षर दिसतं. मला पहिला प्रकार हवा होता, नाजूक दिसतो म्हणून. आजोबांनी वहीचा फोटो पुन्हा मागितला आणि बोट ठेवलं ते पानावरच्या निळ्या ओळींवर. लाल बारीक रेघा निळ्या ओळींत हरवतील. लाल चौकोन भरलेला असेल तर ओळी झाकल्या जातील. शिक्का कुठे उठणार आहे याचा इतका विचार करणारा कारागीर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कोरताना बघायची परवानगी मिळाली, फक्त बोलायचं नाही या अटीवर. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दगडाचं तोंड गोल गोल घासलं, दर थोड्या वेळाने दगड फिरवून, म्हणजे एक कड खाली जाऊ नये. त्यावर बारीक कुंचल्याने कासव उलटं काढलं आणि छोट्या आरशात बघून शेपटीचं वळण एकदा पुसून पुन्हा घेतलं. मग दगड शिकंज्यात, पाचर ठोकून घट्ट. कोरणी पेन्सिलीसारखी नाही, मुठीत धरतात, आणि अंगठा दगडाच्या कडेला टेकलेला असतो, नाहीतर ती घसरते. पाठीवरच्या चिरा त्यांनी एका फटक्यात घेतल्या, दुरुस्ती केली नाही. कडा थोड्या खरबरीत राहिल्या. त्या तशाच ठेवणार, गुळगुळीत केल्या की मशीनचं वाटतं, असं काम संपल्यावर सांगितलं. दगडाच्या एका अंगावर हंगुलमध्ये ‘दापोली’ आणि साल कोरून दिलं, न मागता.

ठसा आधी पातळ कागदावर घेतला आणि मग मी नेलेल्या आखीव पानावर. निळ्या ओळी लाल रंगाखाली गेल्या आणि मधे पांढरं कासव, एक पाय पोहण्यासाठी पुढे टाकलेलं.

शाई ठरलेल्या वेळी वाळवून देता आली नाही म्हणून काम लांबलं, आणि हे इथे नेहमीचं असावं. घाई असेल तर येऊ नका. मी थांबले तेव्हा त्यांनीच मला तापगोल बागेकडे पिटाळलं. तिथे वॉन्गाक्सा मठाचा १४७१ चा शिलालेख आहे, संगमरवरी दगड ग्रॅनाइटच्या कासवाच्या पाठीवर उभा. कवचावर नेहमीचे षटकोन नाहीत, वेगळीच समांतर रेघांची नक्षी आहे, आणि पाठीच्या मध्यावर कमळाचं पान कोरून त्यात शिळा रोवलीय. अशी शिळा पेलणारी कासवं या सगळ्या मुलखात आहेत. हनोईच्या साहित्यमंदिरात तर पदवीधरांची नावं कोरलेल्या ८२ शिळा दगडी कासवांवर उभ्या आहेत, पहिल्या १४८४ मध्ये बसवलेल्या. व्हिएतनाममध्ये ही लिपी आता रोजच्या वापरात नाही, पण कासवाचा जुना उच्चार ‘क्वी’ चार पवित्र प्राण्यांच्या नावांत टिकून आहे. आमच्याकडे देवळात नंदीच्या पुढे जमिनीत कासव असतं, त्याला नमस्कार करून आत जायचं. इथलं कासव पाठीवर लिखाण घेऊन उभं आहे.

आता व्यवहाराचं. दगड, कोरणं आणि लाकडी डबी मिळून ८०,००० वॉन, म्हणजे साधारण ५,००० रुपये. मुख्य रस्त्यावरच्या मशीनच्या शिक्क्यापेक्षा पुष्कळच जास्त, पण हाताच्या कामाला मला हा दर रास्त वाटला. कार्ड चालत नाही, रोख किंवा बँकेतून. बिल हाताने लिहून देतात. इंग्रजी अजिबात नाही, तेव्हा कोरियन येणारं कुणी बरोबर न्या, नाहीतर वर लिहिलेला सगळा संवाद होणारच नाही आणि तुम्हाला फक्त एक चांगला शिक्का मिळेल. दुकानात बसायला जागा नाही. त्यांना ‘सॉनसेंगनिम’, म्हणजे गुरुजी, अशी हाक मारा.

लाल लुगदी, ‘इन्जू’, वेगळी घ्यावी लागते. चांगली इन्जू हिंगुळाची असते, तिचा लाल वर्षानुवर्षं उतरत नाही. पण हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, तेव्हा लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि हाताने मळू नका. सोबत हाडाची छोटी पट्टी देतात, तिने अधूनमधून ढवळायची, कारण तेल वर येतं. शिक्का लुगदीत दाबायचा नाही, हलक्या हाताने टिपायचा, आणि कागदाखाली चार-पाच घड्यांचं वर्तमानपत्र ठेवायचं. वापरून झाला की कापडाने पुसायचा, पाण्याने धुवायचा नाही.

मामाने पहिला ठसा यंदाच्या वहीवर उठवला आणि फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, “पुढचा पाय बरोबर आहे गं. ह्यांनी कासव पाहिलेलं दिसतंय.” तो फोटो मी आजोबांना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी त्याचा प्रिंट मागून घेतला, चपट्या डब्यात ठेवायला.

कुणी जाणार असेल तर एवढं करा. अक्षर फोनवर दाखवू नका, फोनचा फॉन्ट कुठल्या देशाचं रूप दाखवेल याचा नेम नाही. कागदावर लिहून न्या, शिक्का कशावर उठवणार ते पान बरोबर न्या, आणि सोळा स्ट्रोकचं पूर्ण कासव हवं असेल तर २४ मिलिमीटरपेक्षा लहान दगड मागू नका. १५ च्या दगडावर त्यांनी माझ्या देखत एकाला नाही म्हटलं.